पीजीचा थिसिस करताय? निदान या चुका तरी टाळा

नवा रेसिडेंट, म्हणजे एमडी-एमएस करणारा डॉक्टर, पहिल्याच महिन्यात विचारतो, "सर, लवकर संपेल असा टॉपिक द्या ना." अशा पोरांचे थिसिस सगळ्यात उशिरा संपतात. धुळे, जळगाव, नंदुरबारच्या रुग्णांवरचे सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचे आराखडे, तपासताना त्याच त्या चुका दिसतात. बहुतेक चुकांचं मूळ एकच. सिनॉप्सिस सीनियरच्या फाइलमधून उचललेला असतो आणि ती फाइल आणखी कुठल्या तरी मोठ्या शहरातल्या फाइलमधून.

सर्वांत महागात पडते ती फॉलो-अपची चूक. बालरोग विभागातल्या एका रेसिडेंटने अतितीव्र कुपोषित मुलांवर विषय घेतला होता. विषय उत्तम, पोरगी कष्टाळू. सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडची मुलं पावसाळ्यात दाखल होतात म्हणून तिने ऑगस्टपासून नोंदी सुरू केल्या. डिस्चार्जनंतर तिसऱ्या आणि सहाव्या महिन्याला मोजमाप करायचं ठरलं. आता महिने मोजा. तिसरा महिना दिवाळीच्या आगेमागे आणि सहावा फेब्रुवारीत. दिवाळी झाली की या पाड्यांवरची कितीतरी कुटुंबं पोराबाळांसकट ऊसतोडीला गुजरातेत जातात. फेब्रुवारीत हिने फोन लावले, तर एकामागून एक बंद. गाडी करून पाड्यांवर गेली, तर दारांना कड्या. आशाताई म्हणाली, "मॅडम, ते तर कारखान्याला गेले. होळीला या." निम्म्याहून जास्त मुलं हातची गेली. गाइडने विचारलं तर उत्तर तयार होतं, "सर, पेशंट नॉन-कम्प्लायंट आहेत." 'सांगितलेलं न पाळणारे' अशा अर्थाच्या या शब्दाचा मला मनस्वी राग येतो. ते आपल्या पोटाच्या वेळापत्रकाप्रमाणेच वागत होते. ते वेळापत्रक हिने विचारलंच नव्हतं.

सातपुड्यात होळी दिवाळीपेक्षा मोठी. बाहेर गेलेला माणूस होळीला गावाकडे येतोच. काही जण त्यानंतर पुन्हा तोडीवर जातात. म्हणून माझ्याकडे सिनॉप्सिस आला की उद्दिष्टांच्या आधी मी टाइमलाइनचं पान उघडतो आणि त्यावर पेन्सिलने दिवाळी, होळी, कापूसवेचणी लिहितो. शेवटचं मोजमाप होळीच्या आठवड्यात बसत नसेल, तर नोंदी घेण्याचे महिने हलवायला सांगतो. नाव नोंदवतानाच "कारखान्याला कधी जाणार?" हे विचारायचं आणि आईच्या नंबरसोबत मुकादमाचा, आशाचा, अंगणवाडी सेविकेचा नंबरही घ्यायचा. फॉर्ममध्ये रकाना नसेल तर समासात लिहा, पण लिहा.

सॅम्पल साइजची, म्हणजे अभ्यासात किती रुग्ण घ्यायचे याची, रडकथाही इथूनच सुरू होते. चार पीक्यू भागिले डीचा वर्ग (पी म्हणजे अपेक्षित टक्केवारी, क्यू म्हणजे शंभरातून उरलेली, डी म्हणजे चालणारी चूक) हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. पुन्हा कुपोषणात घसरणाऱ्या मुलांचं प्रमाण २० टक्के धरलं आणि ५ टक्के इकडेतिकडे चालेल म्हटलं, तर ४ गुणिले २० गुणिले ८० भागिले २५, म्हणजे २५६. मग डोळे मिटून "१० टक्के गळती" लिहून २८५ करतात. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांत १० टक्के? ३० टक्के धरली तरी आकडा ३६६ वर जातो. तेवढी मुलं मिळणार नसतील तर प्रश्न लहान करा, गळती लहान करू नका.

दुसरी चूक पाहिली की माझं डोकंच फिरतं. संमतिपत्रावर सगळ्या अंगठ्यांशेजारी साक्षीदाराची सही एकच, एकाच निळ्या पेनाची, आणि बऱ्याचदा बॅचमेटची. वाचता न येणाऱ्या माणसाच्या संमतीला अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचा शिकलेला भाऊ चालतो, फक्त त्याला समजावून सांगायला पाच मिनिटं द्यावी लागतात. ती पाच मिनिटं वाचवणारे पुढे आकडेही बसल्या जागी भरतात. ते ओळखायला संगणक लागत नाही. दंडघेराच्या रकान्यातले शेवटचे अंक तेवढे बघायचे. टेपवर ११.३, ११.८ असं सगळंच येतं. रकानाभर ११.० आणि ११.५ दिसले, की मी मूळ केसपेपर मागवतो. ११.५ सेंटिमीटर ही तर अतितीव्र कुपोषणाची सीमाच; तिथेच "साधारण" मोजून कसं चालेल?

बाकीचं थोडक्यात. उपचारांची चाचणी असेल तर सीटीआरआयची, म्हणजे चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीतली, नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी करा. १ एप्रिल २०१८ पासून तिथे वरातीमागून घोडं चालत नाही. एथिक्स कमिटीचं पत्र हातात येण्याआधी "पायलट" म्हणून घेतलेले रुग्ण थिसिसमध्ये घुसवू नका. मास्टर चार्टमध्ये, म्हणजे सगळ्या रुग्णांच्या माहितीच्या तक्त्यात, एकाच रकान्यात 'स्त्री', 'फीमेल' आणि 'एफ' ठेवून संख्याशास्त्रज्ञाकडे जाऊ नका, तो बिचारा काही बोलत नाही. संशोधन पद्धतीच्या ऑनलाइन कोर्सची व्हिडिओ व्याख्यानं पाहून भागत नाही, परीक्षेचा फॉर्म वेगळा भरावा लागतो.

आणि गाइड मंडळींनो, आपणही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला डॉक्टरच्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात आणि ते कॉन्फरन्सला जाऊन मिळतात. नूतनीकरणाच्या तोंडावर जळगावपासून नाशिकपर्यंत कुठे कॉन्फरन्स आहे का म्हणून फोन फिरवणारे प्राध्यापक रेसिडेंटला टाइमलाइन शिकवतात, तेव्हा मागच्या बाकावर हशा पिकतो.