ग्रेडेड नाणं घेताना या चुका टाळा: नंबर जुळला, नाणं जुळलं का?

एनजीसी किंवा पीसीजीएससारख्या नाणी तपासणाऱ्या कंपनीनं अस्सलपणा आणि दर्जा (ग्रेड) ठरवून प्लॅस्टिकच्या स्लॅबमध्ये, म्हणजे सीलबंद पारदर्शक डबीत, बंद केलेलं नाणं घेताना बहुतेक जण लेबलवरचा नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकतात आणि माहिती जुळली की पैसे पाठवतात. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. बनावट स्लॅब करणारे नंबर मनानं रचत बसत नाहीत, खऱ्या स्लॅबच्या फोटोवरून उचलतात. वेबसाइट दाखवते ती माहिती खरीच असते, पण ती दुसऱ्या नाण्याची.

सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया घ्या. तो अत्यंत दुर्मीळ, १९३८ चा मात्र सहज मिळतो. म्हणून ८ खरवडून ९ करण्याचा उद्योग जुनाच आहे. इथे वजनही मदतीला येत नाही, कारण १९३८ चा रुपयाही ११.६६ ग्रॅमचा आणि ९१.७ टक्के चांदीचाच. असा रुपया नकली स्लॅबमध्ये बसवून त्यावर खरा नंबर छापला, की जाणकारही क्षणभर गाफील राहतो. भिंगातून तो ९ पाहा: आजूबाजूचा पृष्ठभाग खरवडलेला किंवा घासलेला दिसतो का, बाकीच्या आकड्यांच्या वळणाशी तो जुळतो का?

त्यानंतर कंपनीच्या नोंदीतला फोटो आणि समोरचं नाणं शेजारी ठेवा. रंगावर जाऊ नका, प्रकाश बदलला की चांदीवरची काळसर झाक वेगळी दिसते. राजाच्या गालावरचा ओरखडा, काठावरचा ठोका, एखादा डाग अशा खुणा शोधा. त्या एकाच जागी असायलाच हव्यात. नोंदीत फोटो नसेल (जुन्या स्लॅबचा बरेचदा नसतो), तर लिलावांच्या जुन्या नोंदींत तोच नंबर शोधा. तिथेही काही मिळालं नाही, तर माझ्या मते अशा महागड्या नाण्याच्या वाटेला जाऊच नये.

अस्सल स्लॅब उघडून आतलं नाणं बदलल्याचे प्रकारही होतात. त्यामुळे जोडाच्या रेषेवर पांढुरके चरे, टवके किंवा गोंद दिसतोय का ते बघा. नुसतं लेबल वेगळं दिसलं म्हणून घाबरू नका, कंपन्यांनी वेळोवेळी लेबलं बदलली आहेत. त्याच काळातल्या दुसऱ्या स्लॅबशी तुलना करा.

लेबलवर ‘डिटेल्स’ असेल, तर नाणं अस्सल पण घासून साफ केलेलं किंवा इजा झालेलं असतं. त्याला निर्दोष नाण्याचा भाव देऊ नका.

शंका आली तर स्लॅब फोडू नका. तो फुटला की कंपनीची हमीही गेली आणि विक्रेत्याकडे परत करण्याची सोयही. सगळ्या बाजूंचे फोटो काढून कंपनीला पाठवा आणि परतीची मुदत संपण्याआधी विक्रेत्याला लेखी कळवा. १९११ च्या रुपयासारखं शंभरी ओलांडलेलं नाणं तर फेरतपासणीसाठी परदेशी धाडताच येत नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानं खासगी व्यक्तीला तशी निर्यात करायला मनाई आहे. अशा नाण्याची सगळी पडताळणी पैसे देण्याआधीच उरकावी लागते.