सोसायटीचं रिपेअर काम नीट ‘क्लोज’ कसं करायचं (आणि दसऱ्यानंतर पुन्हा का बघायचं)

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीचं बाहेरचं प्लास्टर, गच्चीचं वॉटरप्रूफिंग नि रंगकाम मे महिन्यात आटपलं, तेव्हा मी खजिनदार होतो त्यामुळे शेवटचं बिल, फायली, भांडणं सगळं माझ्याच गळ्यात पडलं. त्यातून जे शिकलो ते लिहितोय, तुमच्याकडे काम चालू असेल तर उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी परांची. रंग छान दिसतोय म्हणून कमिटी खूश असते, कॉन्ट्रॅक्टरला बांबू दुसऱ्या साइटवर न्यायचे असतात आणि तो दोन दिवसांत उतरवून मोकळा होतो. उतरवू देऊ नका! सहाव्या मजल्यावर हात पोचतो तो परांची आहे तोवरच. आर्किटेक्टच्या माणसाला (कन्सल्टंट असेल तर त्याला) घेऊन वर चढा, लाकडी हातोडीने प्लास्टर ठोकत जा, भरीव जागी टणक आवाज येतो, पोकळ जागी बद्द येतो, तिथे खडूने गोल करा आणि फोटो काढा. खिडक्यांच्या छज्ज्यांवर आणि पाइपांच्या मागे जास्त बघा, कारण तिथे रंगाऱ्याचा ब्रश आणि कमिटीची नजर दोन्ही जात नाही. सगळे गोल पुसले गेले की मगच बांबू खाली. गच्चीवर बांध घालून निदान 48 तास पाणी साठवून ठेवा आणि वरच्या मजल्यावरच्यांना छतावर लक्ष ठेवायला सांगा.

मग फायनल बिल. बिल टेबलावर बसून तपासता येत नाही, टेप घेऊन जावं लागतं. आमच्याकडे बी विंगच्या डक्टचं प्लास्टर बिलात 860 स्क्वेअर फूट होतं, आम्ही मोजलं तर 690 भरलं. विचारलं तर म्हणे साहेब पोराने एक्सेलमध्ये ए विंगचाच आकडा खाली ओढला. असेलही, मी भांडलो नाही, पण त्यानंतर प्रत्येक ओळ मोजली. खिडक्या वजा करायच्या की नाही हे टेंडरमध्ये लिहिलेलं असतं, ते पान उघडून समोर ठेवा. टीडीएस कापा, रनिंग बिलांत (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने दिलेल्या बिलांत) दिलेले अॅडव्हान्स वळते करा, सोसायटीच्या मीटरवरून ग्राइंडर चालवला असेल तर ती वीज, आणि उचलायचं राहिलेलं डेब्रिज, हेही लक्षात ठेवून त्याच वेळी मिटवा.

गॅरंटी तोंडी घेऊ नका. 500 च्या स्टॅम्पपेपरवर (100 चे दिवस 2024 मध्ये संपले), सोसायटीच्या नावाने, सेक्रेटरीच्या नावाने नाही, आणि किती वर्षं, कोणत्या भिंती, गळलं तर किती दिवसांत माणूस येणार हे त्यात हवं.

आणि रिटेन्शन! बिलाचे 5 टक्के आपल्याकडे राखून ठेवायचं टेंडरमध्ये असतं पण शेवटी कॉन्ट्रॅक्टर गोड बोलतो, पोरीचं लग्न काढतो, आणि कमिटी विरघळते. 40 लाखांच्या कामाचे ते 2 लाख आहेत, तेवढ्यासाठीच तो पावसाळ्यात तुमचा फोन उचलणार आहे.

आता रिव्ह्यू. माझं मत असं की काम संपल्याबरोबर जी मीटिंग होते ती अर्धीच असते, कारण मे महिन्यात वॉटरप्रूफिंग सगळ्यांचंच चांगलं असतं. म्हणून दोनदा बसा. पहिल्यांदा लगेच, आठवणी ताज्या असताना, फक्त कमिटी नि कन्सल्टंट, कॉन्ट्रॅक्टरला नंतर बोलवा. एका कागदावर तीन रकाने पाडा: टेंडरमधला आकडा, झालेला आकडा, फरक का. आमचं पॉलिमर मॉर्टर (खराब काँक्रीट दुरुस्त करायचा खास मसाला) टेंडरमध्ये 1200 स्क्वेअर फूट होतं आणि झालं 2900. आधी सगळे म्हणाले कॉन्ट्रॅक्टरने फुगवलं. खरं कारण निघालं की टेंडर करताना सर्व्हे खालून दुर्बिणीने केला होता, कोणी झुल्यावरून (दोरांवर लटकवलेल्या फळीवरून) ठोकून बघितलंच नव्हतं, म्हणजे चूक आमची पण. नावं कमी घ्या आणि कारणं जास्त शोधा, नाहीतर मीटिंग वडापाव खाऊन संपते आणि जुनं पार्किंगचं भांडण वर येतं.

दुसरी बैठक पावसानंतर. मुंबई पट्ट्यातून पाऊस साधारण 8 ऑक्टोबरला परततो, म्हणजे दसऱ्याच्या आसपास. जून ते सप्टेंबर लॉबीत एक वही लटकवा, फ्लॅट नंबर, कोणती भिंत, किती पावसानंतर ओल आली, एवढंच. व्हॉट्सअॅप ग्रुपवर नको, तिथे गुड मॉर्निंगखाली सगळं वाहून जातं. आमच्या वहीत 11 नोंदी आल्या, त्यातल्या 8 पश्चिमेच्या भिंतीच्या (झोडपणारा पाऊस तिकडूनच येतो), आणि 8 पैकी 5 ठिकाणी लोकांनी रंगकामानंतर एसीचा पाइप काढायला भिंतीला नवीन भोकं पाडली होती!! ती 5 कॉन्ट्रॅक्टरच्या माथी मारायचा मोह झाला होता, मारली नाहीत. उरलेली 6 त्याने दिवाळीच्या आधी दुरुस्त करून दिली, आम्ही पाइप मारून पाणी सोडून बघितलं आणि मग त्याच आठवड्यात रिटेन्शनचा चेक काढला. वही अजून त्या फाइलमध्येच आहे, एमबी (मोजमापांची वही) आणि गॅरंटीच्या मधे.