परदेशस्थ चिनी कुटुंबाचं मूळ गाव कसं शोधावं

तिकीट काढण्याआधी गावाचं नाव चिनी लिपीत मिळवा. नुसत्या रोमन स्पेलिंगवर निघालात तर शोध भरकटणारच. एकच आडनाव कँटोनीज बोलणाऱ्या घरात 'चॅन', होक्कियन बोलणाऱ्या घरात 'तान' आणि आजच्या सरकारी कागदावर 'चेन' असतं. गावांच्या नावांचंही तेच. शिवाय एकाच तालुक्यात एका नावाची अनेक गावं सापडतात. म्हणून गावाबरोबर आडनाव आणि जवळच्या बाजारगावाचं नावही हवं.

सर्वांत भरवशाचा कागद म्हणजे दगड. जुन्या चिनी थडग्यावर उभा मजकूर असतो: मधे मृताचं नाव, बाजूच्या ओळीत बहुधा तालुका आणि गाव. फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात काढा, भर दुपारी कोरीव अक्षरं सपाट दिसतात. तारेचा ब्रश नको, साधं पाणी पुरे.

अमेरिकेत आणि कॅनडात गेलेली जुनी कुटुंबं मुख्यतः ग्वांगडोंग प्रांतातल्या तैशान, काइपिंग, शिनहुई आणि एनपिंग या चार तालुक्यांतली. माझगावच्या 'सी यप कून' मंदिराच्या नावात हेच चार तालुके आहेत. जुन्या कागदांत तैशान १९१४ पर्यंत 'शिननिंग' आणि जवळचं चोंगशान १९२५ पर्यंत 'श्यांगशान' म्हणून येतं, हे लक्षात ठेवा.

अमेरिकेत चिनी लोकांना प्रवेशबंदी होती (१८८२ ते १९४३), त्या काळातल्या चौकशीच्या फायली राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. गावात घरांच्या किती रांगा, विहीर कुठे, शेजारी कोण, असे प्रश्न त्यांत विचारलेले असतात. गाव ओळखायला याहून चांगलं काही नाही. पण इथेच मोठा सापळा आहे. १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोची जन्मनोंद जळाली, त्यामुळे 'मी इथलाच जन्मलेला' हा दावा खोडता येईना, आणि अनेकजण दुसऱ्याचा मुलगा म्हणून विकत घेतलेल्या नावावर आत शिरले. अशा फायलीतलं आडनाव बहुधा खोटं असतं, गावही असू शकतं. थडग्यावरचं इंग्रजी आणि चिनी आडनाव जुळत नसेल, तर चिनी खरं माना.

गावातल्या वंशावळीत आजोबा सापडले नाहीत तर लगेच हताश होऊ नका. लग्नाच्या वेळी पुरुषाला वेगळं नाव मिळे आणि बऱ्याचदा तेच नोंदलं जाई. पिढीचं अक्षर (कुळातल्या एका पिढीच्या सगळ्यांच्या नावात येणारं सामाईक अक्षर), वडिलांचं नाव आणि भावांचा क्रम जुळवून पाहा. स्त्रिया जुन्या पोथ्यांत बहुधा फक्त माहेरच्या आडनावाने येतात. सांस्कृतिक क्रांतीत अनेक प्रती जाळल्या गेल्या. गावात नसेल तर शांघाय ग्रंथालयाचा संग्रह तपासा.

ग्वांगचौ दक्षिण स्थानकातून तैशानला थेट रेल्वे आहे, पुढे टॅक्सी. गूगलचा नकाशा तिथे चालत नाही आणि त्यावरची जागा काहीशे मीटर सरकलेली असते. चिनी नकाशा-अ‍ॅप घ्या. दुभाषा तैशानी बोलणाराच हवा, म्हाताऱ्यांना मँडरिन अनेकदा जमत नाही. ४-५ एप्रिलच्या छिंगमिंगला नातेवाईक थडगी झाडायला जमतात. शोधासाठी ती उत्तम वेळ, मात्र सुट्टीमुळे कचेऱ्या बंद. परदेशस्थ चिनींच्या स्थानिक कचेरीशी आधीच बोलून ठेवा. कुलमंदिरात उदबत्ती, फळं आणि भाजलेलं डुक्कर चालतं. डुक्कर आदल्या दिवशी सांगावं लागतं. ज्येष्ठांना लाल पाकिटं द्या, घड्याळ भेट देऊ नका, ते अशुभ मानतात.

वंशावळीचे फोटो घेताना मुखपृष्ठ, प्रस्तावना आणि पिढ्यांच्या अक्षरांची कविता सोडू नका. नुसतं आपल्या शाखेचं पान पुढे कुणाला लावता येत नाही. परदेशातली नावं चिनी अक्षरांत छापून न्या, म्हणजे नवी आवृत्ती निघताना ती घालता येतात. मुलींची घालायची का, हे प्रत्येक कुळ आपापलं ठरवतं; विचारून घ्या.