गुडघा गेल्यानंतर प्रशिक्षक कसे व्हावे : एडी हाऊ यांच्या वाटेने

भुसावळ, धुळे किंवा नंदुरबार येथे फुटबॉलच्या बचावफळीत खेळलेल्या, पण गुडघ्याने दगा दिल्यामुळे आता थांबण्याच्या बेतात असलेल्या खेळाडूने प्रशिक्षक व्हायचे मनात आणले असेल, तर आधी इंग्लंडचे फुटबॉल प्रशिक्षक एडी हाऊ यांची कारकीर्द नीट पाहावी. १९७७ साली जन्मलेले हाऊ हे इंग्लंडमधील बोर्नमथ या छोट्या क्लबचे बचावपटू. २००२ मध्ये ते पोर्टस्मथला गेले आणि लगेचच गुडघा दुखावून दीर्घकाळ मैदानाबाहेर बसले. २००४ मध्ये ते बोर्नमथला परतले खरे, पण तो गुडघा पुन्हा धड झाला नाही. मात्र खेळणे पुरते बंद होईपर्यंत ते थांबले नाहीत. २००६ च्या अखेरीस, खेळाडू असतानाच, त्यांनी राखीव संघ शिकवायला घेतला, त्यामुळे एकतिसाव्या वर्षी मुख्य संघ हाती आला तेव्हा शिकवण्याची सवय अंगी मुरलेली होती.

तेव्हा बूट खुंटीला टांगण्यापूर्वीच शाळेतील बारा-चौदा वर्षांची मुले हाताशी घ्यावीत. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या डी लायसन्सचा, म्हणजे प्रशिक्षक परवान्याचा, अभ्यासक्रम त्यासोबत करावा; पुढे सी, बी, ए आणि प्रो अशा पायऱ्या आहेत. तयार संघाची अपेक्षा धरू नये. हाऊ यांना मिळालेला संघ क्लबच्या आर्थिक दुरवस्थेमुळे १७ गुणांच्या दंडासह हंगामात उतरलेला होता, आणि तो त्यांनी इंग्लिश फुटबॉलच्या चौथ्या श्रेणीतून बाहेर फेकला जाण्यापासून वाचवला.

शिकवण्याची सुरुवात स्वतःला जे येते त्यापासून, म्हणजे चौघांच्या बचावफळीपासून करावी. एक लांब सुती दोरी घेऊन चार मुलांना साधारण आठ-आठ पावलांवर उभे करावे आणि दोरी हातात धरायला लावावी. कमरेला बांधू नये, कारण एक पडला की चौघेही पडतात. समोर तिघांनी चेंडू डावीकडून उजवीकडे फिरवत राहावे. चेंडू ज्या बाजूला जाईल तिकडे फळीने एकत्र सरकायचे, पण दोरी जमिनीला टेकता कामा नये आणि ताणलीही जाता कामा नये. पहिले दोन दिवस हे चालतच करून घ्यावे. मुले चेंडूकडे पाहताना शेजाऱ्याला विसरतात, हे दोरी तुमच्यापेक्षा लवकर दाखवून देते, आणि ओरडण्याचे श्रमही वाचतात.

उन्हाळ्यात जळगावचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, म्हणून सकाळी सहाला सुरुवात करून साडेसातपर्यंत सराव आटोपावा. काळ्या मातीच्या मैदानाला पडलेल्या भेगा आदल्या संध्याकाळी माती व पाणी घालून बुजवाव्यात, नाहीतर घोटा मुरगळलाच म्हणून समजा. खुणेसाठी शंकू नसले तर विटा वापरू नयेत, चपला चालतील.

बचावपटू प्रशिक्षक झाला की संघ गोलपुढे कोंडून ठेवतो, असा एक समज आहे आणि आपल्याकडे तो बऱ्याचदा खराही ठरतो. हाऊ यांच्या बोर्नमथने मात्र २०१४-१५ च्या चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या श्रेणीत, ९८ गोल करून प्रीमियर लीग ही सर्वोच्च श्रेणी गाठली. म्हणून दोरी सुटल्यावरच्या सरावात एकच नियम ठेवावा : चेंडू हिसकावल्यावर पहिला पास जमिनीवरून आपल्याच गड्याकडे गेला तर बचावफळीला एक गुण, आणि उंच फटका मारला तर चेंडू पुन्हा समोरच्या तिघांकडे.