संश्लेषणाचा रूट आखताय? या चुका टाळा

'टोल्युइनपासून बेंझोकेन बनवा' असा प्रश्न समोर आला की बरेच विद्यार्थी टोल्युइन (बेंझीन रिंगवर एक मिथाइल) मांडतात आणि त्याच्यावर काय काय करता येईल ते आठवत बसतात. नेम रिॲक्शन्स (शोधकांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभिक्रिया) पाठ असतात, त्यामुळे वाटा दहा दिसतात आणि त्यातल्या नऊ भलतीकडे जातात. सुरुवात टार्गेटपासून, म्हणजे जो रेणू बनवायचा त्यापासून करा आणि मागे मागे जा. रसायनशास्त्रज्ञ ई. जे. कोरी यांनी रेट्रोसिंथेसिसची ही पद्धत शिस्तीत बसवली, आणि 1990 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं.

बेंझोकेनकडे (जागा बधिर करणारं एक औषध) नीट बघा. रिंगवर एका टोकाला एस्टर, समोर पॅरा जागी अमाइन. एस्टर ॲसिड आणि इथेनॉलपासून येईल, अमाइन नायट्रोपासून, ॲसिड मिथाइलच्या ऑक्सिडेशनने. म्हणजे मागे जाता जाता पॅरा-नायट्रोटोल्युइन हाती लागतं. आता क्रम. मिथाइलचं ॲसिड आधी करून टाकलंत तर ते मेटा-डायरेक्टिंग, म्हणजे नवा गट पॅराऐवजी मेटाला (एक जागा सोडून पुढच्या जागी) धाडणारं, त्यामुळे नायट्रो मेटाला जाऊन बसेल आणि पुढचा सगळा रूट बाद. नायट्रोचं अमाइन आधी केलंत तर ऑक्सिडेशनसाठी वापरलेलं परमँगनेट मिथाइलसोबत अमाइनलाही सोडणार नाही. म्हणून नायट्रेशन, ऑक्सिडेशन, एस्टरिफिकेशन आणि सगळ्यात शेवटी रिडक्शन. चारही रिॲक्शन्स बीएस्सीलाच शिकवलेल्या असतात. चुकतो तो क्रम.

यातच आणखी एक गोष्ट हमखास निसटते. टोल्युइनच्या नायट्रेशनमध्ये ऑर्थो (नायट्रो शेजारच्या जागी असलेला) समघटक पॅरापेक्षा जास्त मिळतो. वहीत मात्र फक्त पॅरा लिहिलेला असतो, जणू ऑर्थो तयारच झाला नाही. प्रत्यक्ष काम करायचं असेल तर आधी कॅटलॉग उघडा. पॅरा-नायट्रोबेंझोइक ॲसिड विकत मिळतं. तिथून सुरू केलं तर दोन पायऱ्या आणि ऑर्थो-पॅरा वेगळं करण्याची सगळी कटकट वाचते.

दुसरी मोठी चूक म्हणजे कागदावर बंध कुठेही तोडणं. एन-प्रोपिलबेंझीन आहे, बेंझीन आणि प्रोपिल क्लोराइड असं तोडलं, झालं! पण पुढच्या दिशेने करून बघा: फ्रिडेल-क्राफ्ट्स अल्किलेशनमध्ये कार्बोकॅटायनची पुनर्रचना होते आणि मुख्यतः क्युमिन (आयसोप्रोपिलबेंझीन) मिळतं. इथे प्रोपियोनिल क्लोराइडने ॲसिलेशन करून मग क्लेमेन्सेन रिडक्शन (कीटोनच्या C=O चं CH2 करणारं) करावं. प्रत्येक डिसकनेक्शननंतर (कागदावर बंध तोडल्यावर) पुढची रिॲक्शन लिहून पाहिल्याशिवाय आणखी मागे जाऊ नका.

पायऱ्यांचं गणितही करा. प्रत्येक पायरीला 80 टक्के यील्ड (हाती येणारं उत्पादन) धरली तर एकामागून एक नऊ पायऱ्यांनी हातात सुमारे 13 टक्के उरतात. तोच रेणू चार-चार पायऱ्यांच्या दोन तुकड्यांत बांधून शेवटी जोडला, तर सर्वांत लांब साखळी पाच पायऱ्यांची होते आणि यील्ड 33 टक्क्यांवर जाते. एका प्रोटेक्टिंग ग्रुपचा (नाजूक गटाला तात्पुरतं झाकणाऱ्या गटाचा) खर्च दोन पायऱ्या, लावणं आणि काढणं. त्याला टाळता येत असेल तर जरूर टाळा.

रूट कागदावर पास झाला तरी तो नागपुरातल्या खोलीत चालायला हवा. डायइथाइल ईथर 34.6 अंशांना उकळतं. मे महिन्यात पारा 45 च्या घरात असताना, एसी नसलेल्या लॅबमध्ये, ग्रिन्यारसाठी (मॅग्नेशियम आणि हॅलाइडपासून बनणारा, पाण्याने वाया जाणारा रिएजंट) ते बाटलीतून काढतानाच निम्मं उडतं. गच्चीवरच्या टाकीतून येणारं गरम पाणी कंडेन्सरला लावून उपयोग नाही. बर्फाच्या बादलीत कूलरचा पंप सोडून तेच पाणी फिरवा, आणि बादली, वायर, प्लग सगळं ईथरपासून लांब ठेवा. जिथे चालतं तिथे टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) हे सॉल्व्हंट वापरा, ते 66 अंशांना उकळतं.

हवा कोरडी आहे म्हणून उन्हाळ्यात निर्धास्त राहू नका. खोलीत डेझर्ट कूलर चालू असेल तर हवा ओलीच असते, आणि ग्रिन्यार सुरू झालं नाही की दोष उगीच मॅग्नेशियमला दिला जातो. कूलर बंद करा, काच ओव्हनमध्ये तापवून घ्या, आयोडीनचा एखादा स्फटिक टाका. सब्स्ट्रेटवर (ज्या रेणूवर रिॲक्शन करायची त्यावर) मोकळा ओएच किंवा एनएच नाही ना, तेही पाहा. तो असेल तर ग्रिन्यार त्याच्यावरच खर्च होईल. आणि रिॲक्शन सुरू होत नाही म्हणून हॅलाइड ओतत राहू नका. ते फ्लास्कमध्ये साठतं आणि एकदा रिॲक्शन सुरू झाली की सगळं एकदम उसळून वर येतं. आधी थोडंसं घाला, आयोडीनचा रंग जाऊन ईथर आपणहून उकळायला लागलं की मगच उरलेलं थेंब-थेंब सोडा.