कोडिंगच्या अल्पमुदतीच्या कोर्सची फी भरण्यापूर्वी काय तपासावे?

तीन ते सहा महिन्यांच्या कोर्सनंतर भरघोस पगाराची प्रोग्रामरची नोकरी मिळते का, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘काहींना मिळते’ असे आहे. हे काही जण कोण आणि आपण त्यांच्यात बसतो का, याचा बराचसा अंदाज फी भरण्याआधीच बांधता येतो. त्यासाठी प्रोग्रामिंग यावे लागत नाही. शाळेत शिकलेला अपूर्णांक पुरतो.

जाहिरातीत ‘९० टक्के विद्यार्थ्यांना नोकरी’ असे वाचले की प्रथम छेदात कोण आहे ते विचारावे. प्रवेश घेतलेले सर्व, कोर्स पूर्ण केलेले, की त्यांतले संस्थेने ‘नोकरीच्या शोधात’ म्हणून निवडलेले? समजा, १०० जणांनी प्रवेश घेतला, ७० जणांनी कोर्स पूर्ण केला, त्यांपैकी ५० जण नोकरी शोधत आहेत असे संस्थेने मानले आणि ४५ जणांना काम मिळाले. जाहिरातीत ९० टक्के छापले जातील आणि हिशेबाने ते खोटेही ठरणार नाहीत. मात्र आज प्रवेशअर्ज हातात घेतलेल्या माणसासाठी तो आकडा ४५ टक्केच आहे.

अंशाचीही अशीच झडती घ्यावी लागते. न्यूयॉर्कची फ्लॅटआयरन स्कूल ही नावाजलेली संस्था ९८.५ टक्के रोजगार आणि सरासरी ७४,४४७ डॉलर वार्षिक पगार असे आकडे देत असे. त्या राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनी २०१७ मध्ये दाखवून दिले की रोजगाराच्या टक्केवारीत शिकाऊ उमेदवार, कंत्राटी कामे करणारे आणि फ्रीलान्सरही धरलेले होते, तर पगाराची सरासरी केवळ पूर्णवेळ नोकरी लागलेल्यांची होती, आणि ही गोष्ट वाचकाला स्पष्टपणे सांगितलेली नव्हती. शेजारी शेजारी छापलेल्या दोन आकड्यांचे छेद वेगळे होते, एवढीच काय ती करामत! संस्थेने ३,७५,००० डॉलर देऊन तडजोड केली. म्हणून सरासरी पगाराऐवजी मध्यक पगार, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा, मागावा, तो किती जणांच्या माहितीवरून काढला हे विचारावे, आणि स्वतःच्याच संस्थेत साहाय्यक शिक्षक म्हणून ठेवून घेतलेले माजी विद्यार्थी ‘नोकरी लागलेल्यां’त मोजले आहेत का, हेही विचारावे.

‘नोकरी लागल्यावरच फी द्या’ हा प्रस्ताव अधिक सावधपणे वाचावा. लॅम्बडा स्कूल, म्हणजे पुढे ब्लूमटेक या नावाने ओळखली गेलेली संस्था, अशा करारांसाठी प्रसिद्ध होती. अमेरिकेच्या ग्राहक वित्त संरक्षण विभागाने २०२४ मध्ये तिच्यावर कारवाई केली, तेव्हा जाहिरातीतले ७१ ते ८६ टक्के नोकऱ्यांचे दावे आणि संस्थेच्या अंतर्गत नोंदींतले सुमारे ५० टक्के, काही वेळा तर ३० टक्क्यांपर्यंत घसरलेले प्रमाण, यांतली तफावत उघड झाली. विद्यार्थ्याने करपूर्व उत्पन्नाच्या १७ टक्के रक्कम, कमाल ३०,००० डॉलरपर्यंत, द्यायची होती. हे कर्ज नाही असे सांगितले जात होते; विभागाच्या मते ते कर्जच होते. शिवाय विद्यार्थ्याला नोकरी लागेपर्यंत आम्हालाही काही मिळत नाही, असे म्हणणारी ही संस्था त्यांतले अनेक करार गुंतवणूकदारांना विकून आधीच पैसे मिळवत होती. असा करार समोर आला तर हप्ता किती उत्पन्नापासून सुरू होतो, कमाल रक्कम किती, प्रोग्रामिंगशी संबंध नसलेली नोकरी लागली तरी हप्ता द्यावा लागतो का आणि कोर्स मध्येच सोडल्यास काय होते, ही चार कलमे स्वतः वाचावीत. समुपदेशकाने तोंडी दिलेल्या आश्वासनाला करारापुढे किंमत नसते.

आकडे कोणत्या वर्षाचे आहेत, हेही पाहावे. २०२१ मधल्या जोरदार भरतीच्या काळातील यशोगाथा २०२२ च्या अखेरीस सुरू झालेल्या नोकरकपातीनंतर फारशा कामाच्या राहिल्या नाहीत; त्यातच नवख्यांकडे सोपवली जाणारी साधी कामे आता एआयची साधने उरकू लागली आहेत. विद्यापीठांच्या नावाने असे कोर्स चालवणाऱ्या टू-यू या कंपनीने डिसेंबर २०२४ मध्ये ते बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. म्हणून वर्षभरापूर्वी बाहेर पडलेली तुकडी निवडून तिच्यातले विद्यार्थी लिंक्डइनवर आपणच शोधावेत. संस्थेने बोलायला दिलेले तीन विद्यार्थी हे नेहमी यशस्वी तीनच असतात.

या सगळ्याइतकीच महत्त्वाची तपासणी स्वतःची आहे. फ्रीकोडकॅम्प, द ओडिन प्रोजेक्ट किंवा हार्वर्डचा सीएस५० हे प्रोग्रामिंगचे ऑनलाइन अभ्यासक्रम विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यांपैकी एकावर सहा ते आठ आठवडे नियमित काम करावे. एक चूक शोधण्यात संध्याकाळ गेल्यावरही दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावेसे वाटते का, याचे उत्तर तिथे फुकट मिळते. ज्ञान असे मोफत मिळत असताना फी कशाची, तर वेळापत्रकाची, सोबतीची आणि आपला कोड वाचून चुका दाखवणाऱ्या माणसाची. ही शेवटची गोष्ट खरोखर मोलाची आहे, म्हणून एका शिक्षकामागे किती विद्यार्थी असतात हे विचारायला संकोचू नये.

माझे मत असे की या कोर्सचा सर्वाधिक लाभ ज्यांच्या हाती आधीच काहीतरी असते त्यांना होतो: गणिताची वा अभियांत्रिकीची पदवी, किंवा लेखापरीक्षण, रुग्णालय, गोदाम अशा क्षेत्रातला काही वर्षांचा अनुभव. कोरी पाटी घेऊन आलेल्याला काही महिन्यांत वेबपान बनवता येते. पण मुलाखतीत डेटा स्ट्रक्चर (प्रोग्राममध्ये माहिती रचून ठेवण्याच्या पद्धती), डेटाबेस आणि दुसऱ्याने लिहिलेला कोड समजून घेणे यांवर प्रश्न येतात आणि घाईच्या अभ्यासक्रमात नेमके हेच भाग उरकले जातात. म्हणून कोर्सनंतर आणखी सहा ते बारा महिने अभ्यास आणि नोकरीचा शोध चालेल असे धरूनच घरखर्चाची तजवीज करावी. त्या काळात वर्गातल्या सगळ्यांनी बनवलेले तेच ते कामांच्या यादीचे अ‍ॅप दाखवण्यापेक्षा, जुन्या क्षेत्रातली एखादी अडचण सोडवणारे आणि निदान दोन-चार माणसे रोज वापरतील असे काहीतरी तयार करावे.

छेद, मध्यक पगार, तुकडीचे वर्ष आणि फी परतीचे नियम हे प्रश्न संस्थेला ईमेलने विचारावेत आणि उत्तरही लेखीच मागावे. उत्तराऐवजी ‘जागा भरत आल्या आहेत’ असा फोन आला, तर फी भरू नये.