नव्या वर्षी एकच दोष देवापुढे ठेवा

31 डिसेंबरच्या रात्री उपासनेत मन भरून येतं आणि माणूस एका दमात आठ-दहा गोष्टी ठरवून टाकतो. पहाटेची प्रार्थना, वर्षभरात पूर्ण बायबल, राग सोडायचा, मोबाइल कमी, आठवड्यातून एक उपवास, शिवाय वजनही उतरवायचं. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत यातलं बरंचसं सुटतं आणि वर अपराधीपणाचं ओझं तेवढं राहतं. याचा दोष लोक आपल्या विश्वासाला देतात, पण खरी अडचण बहुतेक वेळा यादीतच असते. इतक्या गोष्टींवर एकाच वेळी लक्ष ठेवणं कुणालाच जमत नाही.

म्हणून आमचा आग्रह एका दोषाचा आहे. तो नेमका ओळखायचा, त्याने ज्यांना त्रास झाला त्यांच्याशी समेट करायचा, त्याच्या जागी दुसरं काही बसवायचं आणि रोज देवापुढे त्याचा हिशोब ठेवायचा. फिलिप्पैकरांस 2:12-13 मध्ये पौल आपलं तारण साधून घ्यायला सांगतो आणि लगेच म्हणतो की इच्छा आणि कृती दोन्ही तुमच्या ठायी देवच घडवतो. प्रयत्न आणि कृपा अशी एकत्रच चालतात. अमेरिकेतले धर्मोपदेशक जोनाथन एडवर्ड्स यांनी 1722-23 मध्ये, विशीच्या आसपास असताना, 70 संकल्प लिहिले. त्यांच्या सुरुवातीलाच देवाच्या मदतीशिवाय यातलं काहीही मला जमणार नाही अशी कबुली आहे, आणि ते दर आठवड्याला एकदा वाचायचे असं त्यांनी ठरवलं होतं. संकल्पाच्या कागदावर पहिली ओळ तीच असावी.

दोष कसा निवडायचा

नाताळ आणि 1 जानेवारी यांच्या मधल्या दिवसांत सलग दीड-दोन तास काढा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. आधी स्तोत्र 139:23-24 सावकाश वाचा. देवा, माझं अंतःकरण तपास, अशी ती विनंती आहे. मग सरलेल्या वर्षाचं कॅलेंडर समोर घेऊन जानेवारीपासून एकेक महिना पाहा. कुठे तोंडातून जायला नको ते गेलं, कुणाला टाळलं, कुठे खोटं बोललो, कुठले पैसे दिले नाहीत? माणसांची नावं लिहा. बरोबरीने देवाचे उपकारही लिहा, कारण नुसत्या चुका उकरत बसलं की मन आत्मतिरस्काराकडे घसरतं. शेवटी इफिसकरांस 4:22 ते 5:2 हा उतारा वाचा आणि कागदावरची कुठली गोष्ट त्यात पुन्हा पुन्हा सापडते ते पाहा.

निवडताना दोन कसोट्या लावा. ज्या दोषाची झळ इतरांना सर्वाधिक बसते तो घ्या, आणि जवळजवळ रोज घडणारा घ्या. तीन महिन्यांतून एकदा होणाऱ्या चुकीवर रोजचा सराव होत नाही. लोक बहुधा मोठं, नाट्यमय पाप निवडतात आणि घरातल्यांना रोज सोसावं लागणारं लहान पाप तसंच राहू देतात. काय निवडावं कळत नसेल तर घरातल्या एका माणसाला विचारा आणि उत्तर ऐकताना मध्ये बोलू नका.

आता तो दोष एका वाक्यात लिहा. ‘मी रागीट आहे’ असं लिहून उपयोग नाही, त्यावर काय करायचं तेच कळत नाही. ‘संध्याकाळी घरी आल्यावर पहिल्या तासात मी मुलांवर खेकसतो आणि त्यांना टाकून बोलतो’ असं लिहा. वेळ, जागा, माणसं आणि कृती या चारही गोष्टी त्यात हव्यात. त्याखाली शरीराची अवस्था लिहा: भूक, अपुरी झोप, डोकेदुखी. हे अध्यात्माबाहेरचं आहे असं समजू नका. 1 राजे 19 मध्ये मरण मागणाऱ्या एलिया संदेष्ट्याला देवदूताने आधी दोनदा खाऊ घातलं, झोपू दिलं. देवाशी त्याचं बोलणं त्यानंतर झालं. खेकसण्याआधी रोज पोट रिकामं असतं असं आढळलं, तर निघण्यापूर्वी काहीतरी खाणं हाही तुमच्या संकल्पाचा भाग आहे.

आधी समेट

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मग पुढचं सगळं हवेत राहतं. मत्तय 5:23-24 मध्ये वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलं आहे, तेव्हा नव्या वर्षाच्या पहिल्या उपासनेपूर्वी एका माणसाकडे तरी जा.

क्षमा मागताना चार गोष्टी बोला. मी काय केलं, त्याने तुझं काय झालं, मला क्षमा कर, आणि यापुढे मी काय करणार आहे. ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ असं म्हटलं की दोष समोरच्याच्या वाटण्यावर जातो. ‘पण तूही’ हे शब्द आले की क्षमायाचना तिथेच संपली. लगेच उत्तर मागू नका. समोरच्याला गप्प राहण्याचा हक्क आहे. मुलांकडे क्षमा मागायला लाजू नका आणि त्यांच्यासमोर रडारड करून त्यांनाच तुमची समजूत काढायला लावू नका.

पैशाचा किंवा वस्तूचा मामला असेल तर शब्दांवर भागत नाही. गणना 5:7 मध्ये पूर्ण भरपाई आणि वर एक पंचमांश द्यायला सांगितलं आहे. जक्कय नावाच्या जकातदाराने तर चौपट परत करण्याची तयारी दाखवली (लूक 19:8). एकदम देणं शक्य नसेल तर हप्ते आणि तारखा लिहून द्या. जिथे तुमच्या जाण्याने त्या व्यक्तीची जुनी जखम उघडी पडेल किंवा तिला भीती वाटेल, तिथे मात्र थेट जाऊ नका; आधी पाळकांशी बोला.

रिकामी जागा भरा

मत्तय 12:43-45 मध्ये झाडून स्वच्छ केलेलं पण रिकामं घर आहे. बाहेर गेलेला अशुद्ध आत्मा आणखी सात जणांना घेऊन तिथे परततो. नुसत्या ‘नाही करणार’ अशा संकल्पांचं असंच होतं. इफिसकरांस 4:28 मध्ये चोराला चोरी थांबवून भागत नाही. त्याने हातांनी काम करायचं आणि गरजवंताला द्यायचं आहे. म्हणजे थांबवणं, त्याच जागी उलट कृती, आणि त्या कृतीचा दुसऱ्याला लाभ.

खेकसण्याच्या उदाहरणात हे असं बसतं. घराच्या दाराबाहेर एक मिनिट थांबायचं आणि स्तोत्र 141:3 मधली विनंती करायची, की प्रभू, माझ्या तोंडावर पहारा बसव. आत गेल्यावर पहिली दहा मिनिटं अभ्यास, मार्क किंवा पसारा याविषयी एक अक्षर काढायचं नाही. मुलांजवळ बसून त्यांचा दिवस ऐकायचा. सूचना असतील त्या जेवणानंतर. हे सगळं अगदी साधं वाटतं, पण मोडतं ते नेमकं दारापाशी, कारण माणूस फोनवर बोलतच आत शिरतो. फोन जिना चढण्याआधी खिशात गेला पाहिजे, हेही लिहून ठेवा.

रोजचा हिशोब

जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या 1548 साली छापल्या गेलेल्या साधनापुस्तिकेत एका दोषासाठी स्वतंत्र आत्मपरीक्षण सांगितलं आहे. ते कुठल्याही पंथाच्या ख्रिस्ती माणसाला वापरता येईल. सकाळी उठताच त्या एका दोषापासून जपण्याचं ठरवायचं. दुपारच्या जेवणानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर, असं दोनदा तपासायचं. वहीत रोजच्या दोन रेघा असतात, सकाळची एक आणि दुपारनंतरची एक. जितक्या वेळा पडलो तितके ठिपके त्या रेघेवर. पडल्याबरोबर छातीवर हात ठेवून मनात पश्चात्ताप करायचा, जो चारचौघांतही कुणाच्या लक्षात येत नाही. रात्री पहिली रेघ दुसरीशी, मग आजचा दिवस कालच्याशी आणि आठवडा मागच्या आठवड्याशी ताडून पाहायचा. एका वेळच्या तपासणीला तीन-चार मिनिटं पुरतात.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ठिपके वाढू शकतात. आधी जे नजरेतून सुटत होतं ते आता दिसू लागतं, त्यामुळे घाबरून वही बंद करू नका. ठिपक्यांशेजारी दोन शब्दांत कारण लिहा, कारण महिन्याअखेरी तोच एक वार किंवा तोच एक माणूस वारंवार दिसतो आणि उपाय तिथे करायचा असतो. उलट, ठिपके मोजता मोजता जीव घाबरू लागला आणि कबूल केलेलं पाप पुन्हा पुन्हा कबूल करूनही चैन पडेना, तर मोजणं थांबवा आणि पाळकांना किंवा धर्मगुरूंना भेटा. 1 योहान 1:9 मधल्या क्षमेच्या वचनाला संख्येची अट नाही.

बायबलवाचन किती

बायबलचे 1189 अध्याय आहेत, जुन्या करारात 929 आणि नव्यात 260. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले तर वर्षात पूर्ण होतात. या गतीने उत्पत्ती आणि निर्गम यांचे 90 अध्याय जानेवारीअखेर संपतात आणि लेवीय सुरू होतं. पुढे गणनासह 63 अध्याय नियम, यज्ञ आणि शिरगणतीचे जवळजवळ तीन आठवडे चालतात. वाचन सुटतं ते बहुधा इथेच. ज्या वर्षी एका दोषावर काम करायचं आहे त्या वर्षी फक्त नवा करार घ्या. सोमवार ते शुक्रवार रोज एक अध्याय, 52 आठवड्यांत बरोबर 260. शनिवार-रविवार राहिलेलं वाचायला मोकळे. तरीही आठवडाभर मागे पडलात तर ते सोडून द्या आणि आजच्या तारखेचा अध्याय वाचा. साठलेले अध्याय एका रात्रीत उरकण्यात हाती काही लागत नाही.

एक माणूस सोबत हवा

याकोब 5:16 मध्ये एकमेकांजवळ पापं कबूल करून एकमेकांसाठी प्रार्थना करायला सांगितलं आहे. मंडळीतला तोंडाचा पक्का, वयाने किंवा विश्वासाने थोडा पुढचा आणि शक्यतो आपल्याच लिंगाचा एक माणूस निवडा. जोडीदाराला हे काम देऊ नका, कारण अनेकदा दुखावलेली व्यक्ती तीच असते. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, वीस मिनिटं भेटा. त्याने तीनच प्रश्न विचारायचे: किती वेळा झालं, त्याआधी काय घडलं होतं, क्षमा मागितली का? मग प्रार्थना. उपदेश नको.

मेथडिस्ट मंडळ्यांत त्या पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी 1755 मध्ये लंडनला सुरू केलेली कराराच्या नूतनीकरणाची उपासना साधारणपणे वर्षाच्या पहिल्या रविवारी होते. मी आता माझा नाही, तुझा आहे, असं तिथे देवाला म्हटलं जातं. आपल्या मंडळीत अशी उपासना किंवा प्रभुभोजन असेल, तर तुमचं एक वाक्य लिहिलेला कागद बायबलमध्ये ठेवून जा. शपथ मात्र वाहू नका. नवस केलास तर फेड, असं उपदेशक 5:4-5 बजावतं.

मोडलं तर

मोडणारच. 2 करिंथकरांस 7:10 मध्ये दोन दुःखं सांगितली आहेत, एक पश्चात्तापाकडे नेणारं आणि दुसरं मरणाकडे. ओळखायची खूण सोपी आहे. पहिलं दुःख माणसाला त्याच दिवशी क्षमा मागायला पाठवतं; दुसरं त्याला वही, प्रार्थना आणि मंडळी तिन्हींपासून लपवतं. सूर्य मावळण्यापूर्वी समेट आणि रात्री रेघेवर ठिपका, एवढं केलं की तो दिवस वाया गेला नाही.

वर्षाचे टप्पेही पाडा. पहिला टप्पा राखेच्या बुधवारपर्यंत, म्हणजे लेंटच्या पहिल्या दिवसापर्यंत, जो 4 फेब्रुवारी ते 10 मार्चच्या दरम्यान येतो. तिथून पुनरुत्थानाच्या सणापर्यंत (ईस्टर) दुसरा. गळाठलेला संकल्प पुन्हा हाती घ्यायला लेंटचा उपवासकाळ हा उत्तम मुहूर्त आहे. तुमची मंडळी हे दिवस पाळत नसेल तर दर तीन महिन्यांचा पहिला रविवार धरा.

दारू किंवा इतर व्यसन असेल तर ही वही एकटी पुरणार नाही. बरीच वर्षं भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केल्यास झटके येऊन जिवावर बेतू शकतं, त्यामुळे प्रार्थना चालू ठेवून आधी डॉक्टरांकडे जा. घरात मारहाण सोसत असाल तर क्षमा करणं म्हणजे तिथेच राहणं असा अर्थ नाही. आधी सुरक्षित ठिकाणी जा.

सलग सहा आठवडे रेघा जवळजवळ कोऱ्या राहिल्या आणि घरातल्यांनाही फरक दिसतोय असं त्यांनीच सांगितलं, तर दुसरा दोष घ्या. दाराबाहेरचं ते एक मिनिट आणि आठवड्याची भेट मात्र तशीच चालू ठेवा.